बिनपगारी साक्ष

मुंबईची हवा मानवत नाही म्हणून अमेरिकन मराठी मिशनने डिसेंबर १८३१ मध्ये घाटावर अहमदनगरला ठाणे मांडले. ॲलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वी असे तीन पाद्री तिथे उतरले. नगरची हवा कोरडी, पाणी चांगले, शेजारीच लष्कराची छावणी. एवढी काळजी घेऊनही वर्ष पुरे व्हायच्या आत हर्वी पटकीने गेले. मिशनचे संस्थापक गॉर्डन हॉल पाच वर्षांपूर्वीच, १८२६ मध्ये, नाशिककडच्या प्रवासात त्याच रोगाने वारले होते. जिवावर उदार होऊन ही माणसे आली होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा होता. ज्यांना सांगायला आलो, त्यांच्यापर्यंत आपले बोलणे पोहोचते का?

हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला आले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जायचा हुकूम काढला होता. तो कसाबसा टळला. मग मराठी शिकणे, शाळा काढणे, छापखाना उभारणे, नव्या कराराचे भाषांतर पुरे करणे ही सगळी कामे झाली. पण रोजचे मुख्य काम म्हणजे बाजारात, देवळाच्या ओट्याशी, घाटावर उभे राहून बोलणे आणि छापील पत्रके वाटणे. लोक जमत. गोरा माणूस मराठी बोलतो हीच मुळात बघण्यासारखी गोष्ट. कुणी प्रश्न विचारी, कुणी वाद घाली, कुणी पत्रक घेऊन पुडी बांधायला ठेवी. आणि मग बाजार उठला की सगळे घरी. १८१९ मध्ये मिशनने मुंबईत पहिला बाप्तिस्मा दिला तो कादिर यार खान या हैदराबादच्या एका मुसलमानाला. पहिल्या पंधरा-सतरा वर्षांत मंडळीत आलेल्या माणसांची मोजणी हातापायांच्या बोटांवर संपत असे.

साहेब कितीही प्रेमळ असला तरी तो शेजारी नव्हता. त्याच्या घरची चूल आपल्या चुलीला लागून नव्हती, त्याच्या मुलीचे लग्न आपल्या गावात जमायचे नव्हते. त्याने सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, हे त्याच्या वागण्यावरून ताडून पाहायची सोयच नव्हती. नगरला येताना मात्र या पाद्र्यांबरोबर बाबाजी नावाचा एक ब्राह्मण ख्रिस्ती होता, आणि पुढच्या गोष्टीची खरी सुरुवात त्याच्यापासून होते. बाबाजी नगरच्या लंगड्या, आंधळ्या, रोगी भिकाऱ्यांमध्ये रोज जाऊन बसू लागला. १८३३ मध्ये नगरची मंडळी स्थापन झाली आणि तिच्यात सुरुवातीला आले ते बहुतेक असेच गोरगरीब. त्याच वर्षी बाबाजीही पटकीनेच गेला. हॉलिस रीड यांनी अमेरिकेत परतल्यावर त्याच्यावर पुस्तक लिहिले. मिशनच्या कागदपत्रांत एखाद्या देशी माणसाला एवढी जागा मिळणे त्या काळात विरळाच.

सहा वर्षांनी, १८३९ मध्ये, हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोन ब्राह्मण तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. नगरमध्ये मोठी खळबळ माजली. मिशनला वाटले, आता फळी फुटली, आता वरच्या जातींतून लोक येतील. तसे झाले नाही. कारण उघड आहे. ब्राह्मण ख्रिस्ती झाला की त्याच दिवशी त्याचे शेजारी संपत. आळीतले घर सुटे, पंगत सुटे, विहीर सुटे, आईबाप जिवंत असून सुतक पाळल्यासारखे वागत. तो माणूस मिशनच्या आवारात राहायला येई. तिथून त्याने कितीही ओघवत्या मराठीत बोलावे, ऐकणाराच उरलेला नसे. हरिपंतांचे आणि रामकृष्णपंतांचे मोठेपण निराळ्या गोष्टीत आहे. ते ज्यांच्यात कधी वाढले नव्हते अशा माणसांचे पाळक झाले.

ती माणसे येऊ लागली होती नगरच्या उत्तरेकडून, गोदावरी आणि प्रवरेच्या पट्ट्यातल्या खेड्यांमधून. १८४० नंतर महारवाड्यातली माणसे मिशनकडे वळू लागली. आरंभी कबीरपंथी वळणाचे काही गुरू आणि त्यांचे शिष्य आले. भजनात रमणारी, निर्गुणाचा विचार करणारी, 'जात कशाची' हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या गात आलेली ही मंडळी होती. एखादा गुरू पटला की त्याच्या मागून त्याचे सोयरे येत. शिंगवे, चांदे, खोकर, देडगाव अशा गावी छोट्या मंडळ्या उभ्या राहिल्या. १८५७ मध्ये वडाळ्याला ठाणे झाले आणि सॅम्युएल फेअरबँक हा पक्षी, झाडे, नांगर आणि पदे या सगळ्यांत सारखाच रस घेणारा पाद्री तिथे स्थिरावला.

हे पसरले कसे, याचे उत्तर मिशनच्या भाषणांत नाही, महाराच्या बलुत्यात आहे. महाराचे काम चावडीवरचे. येसकराने वेस राखायची, तराळाने सांगावा पोहोचवायचा, सरकारी टपाल आणि पट्टीचा पैसा या गावाहून त्या गावी न्यायचा, पाटलाचा निरोप घेऊन पाच-सहा कोस पायी जायचे. गावगाड्यात इतका फिरणारा माणूस दुसरा नव्हता. कुणब्याला पेरणी सोडून हलता येत नसे. महाराला मात्र हलण्याचीच नोकरी होती. शिवाय सोयरिकी साऱ्या परगण्यात पसरलेल्या. एखाद्या गावच्या महारवाड्यात नवे काही घडले की ते लग्नाच्या मांडवातून, जत्रेतून, आठवड्याच्या बाजारातून आठ दिवसांत दहा गावी पोहोचे. आणि पोहोचवणारा कोण? मावसभाऊ, मेहुणा, व्याही. त्याची सवय काय, तो दारू पीत होता का, आता पितो का, बायकोला मारत होता का, आता मारतो का, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. साहेबाच्या पत्रकाला जे जमले नाही ते व्याह्याच्या तोंडच्या चार शब्दांनी जमले.

बैठक भरायची ती रात्री, दिवसभराची राबणूक संपल्यावर. महारवाड्यातल्या एखाद्या ओट्यावर दिवा, भोवती कांबळी टाकून बसलेली माणसे, बायका दाराच्या आतून ऐकणाऱ्या. वाचायला मिशनच्या शाळेतला पोरगा, कारण मोठ्यांपैकी कुणालाच अक्षर येत नसे. पोरगा ओळ वाचणार, म्हातारे तिचा अर्थ आपल्या बोलीत लावणार, मग त्यावरून वाद, मग भजन. बाप बसलेला आहे आणि मुलगा शिकवतो आहे, ही उलटापालट त्या ओट्यावर पहिल्यांदा झाली असावी. सुवार्तेइतकेच त्या अक्षराचेही आकर्षण होते, हे मान्य करायला हरकत नाही. दोन्ही एकाच पुस्तकातून येत होते.

किंमतही मोजावी लागे. ख्रिस्ती झालेला महार गावदेवीच्या जत्रेतले ठरलेले काम करायला, मेलेले ढोर ओढायला कुरकुरू लागला की पाटील आणि गावकरी बलुते अडवीत. भाकर बंद, धान्य बंद. पण यापेक्षा अवघड गोष्ट मंडळीच्या आत होती. महाराने महाराला सांगितले, मांगाने मांगाला. महारवाडा आणि मांगवाडा यांच्यामधली वेस मात्र बाप्तिस्म्यानेही सहजी ओलांडली गेली नाही. मंडळीत येणाऱ्याने सर्वांबरोबर बसून जेवले पाहिजे असा मिशनचा आग्रह असे, आणि कित्येकांचे पाऊल नेमके त्या पंगतीपाशी अडे. सोयरिकीच्या वाटेने धर्म वेगाने जातो, पण सोयरीक जिथे संपते तिथेच तोही थांबतो. नगरच्या मंडळीला हे कोडे पुढे कैक वर्षे पुरले.

याच सुमारास बोस्टनहून मिशनचे कार्यवाह रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. साल १८५४-५५. अँडरसन हा फार स्पष्ट डोक्याचा माणूस. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: परदेशी पाद्र्याने मंडळी उभी करावी आणि निघून जावे. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः चालवावा, खर्च स्वतः भागवावा आणि प्रसार स्वतः करावा. इंग्रजी शाळांवर त्यांनी कात्री चालवली. पैसा गावच्या मंडळ्यांवर आणि देशी पाळकांवर लावा, असा त्यांचा रोख होता. १८५४ मध्येच हरिपंत आणि रामकृष्णपंत यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. कागदावर सगळे जुळले होते.

प्रत्यक्षात घडले ते उलटे. गावोगाव शाळामास्तर, उपदेशक, बायबलबाया नेमल्या गेल्या आणि त्यांचा पगार अमेरिकेतून येऊ लागला. या माणसांनी काढलेल्या खस्तांना तोड नाही. विशेषतः बायबलबायांच्या. परक्या पुरुषाला ज्या माजघरात पाऊल टाकता येत नसे, तिथे या बाया दुपारच्या निवांत वेळी जात, निवडणे-टिपणे करणाऱ्या बायकांजवळ बसत, वाचून दाखवत, बाळंतपणाचे दोन शब्द सांगत. पण पगाराने एक गोष्ट हळूहळू बिघडवली. महारवाड्यातला जो तरुण चांगले वाचे, चांगले बोले, तो मास्तर व्हायचा आणि दुसऱ्या गावी बदलून जायचा. राहिलेल्यांनी मान डोलवायची. पूर्वी जो मेहुण्याला रात्री जागून सांगत होता, तोच आता म्हणू लागला की ते काम उपदेशकाचे. त्याला त्याचे पैसे मिळतात. ऐकणाराही हुशार. समोरचा माणूस पगारावर बोलतो आहे हे कळले की तो त्याचे शब्द त्या हिशेबानेच घेई. अँडरसन यांना जे टाळायचे होते तेच त्यांच्या पश्चात मिशनच्या पैशाने घडवले. माझ्या मते नगरच्या मंडळीच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती कुणा दुष्टाने केलेली नाही, सगळ्या सज्जनांनी मिळून केली.

पगाराच्या या चौकटीतून सुटलेली एक गोष्ट म्हणजे कीर्तन. नगरला दरवर्षी साऱ्या मंडळ्यांची मोठी सभा भरे. गावोगावची माणसे बैलगाड्या जुंपून, शिदोरी बांधून येत. अशा मेळ्यात केवळ प्रवचने ऐकत बसणे हे मराठी माणसाच्या स्वभावात नाही. १८६० नंतरच्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. हेन्री बॅलंटाइन या पाद्र्याने, म्हणजे १८४२ मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू करणाऱ्याने, मराठी गीते पुष्कळ लिहिली होती. पण ती बहुतेक विलायती चालींवर. खेड्यातल्या बायाबापड्यांच्या ओठांवर त्या चाली नीट बसत नसत. सांगळ्यांनी साकी, दिंडी, आर्या, कटाव, ओवी हा सगळा घरचा ऐवज हाताशी धरला. पूर्वरंगात एखादे वचन घेऊन निरूपण, उत्तररंगात आख्यान, मागे टाळकरी, मृदंग. उधळ्या पुत्राची गोष्ट या साच्यात इतकी चपखल बसते की ती मुळात देहू-आळंदीच्या वाटेवर रचली असावी असे वाटते. बापाचे धन उडवून डुकरांमागे हिंडणारा मुलगा, दारात उभा राहून वाट पाहणारा बाप, आणि मनात जळणारा थोरला भाऊ. भाऊबंदकी मुरलेल्या गावात थोरल्या भावाचे मन कुणाला समजावून सांगावे लागत नसे.

आणि कीर्तनाला गाव येते. बाजारातल्या प्रवचनाला माणूस जाता जाता थबकतो. कीर्तनाला तो जेवून, सवड काढून, घोंगडे घेऊन येतो. ख्रिस्ती वस्तीत कीर्तन आहे म्हटल्यावर कुणबी, माळी, सुतार कडेला येऊन बसू लागले. काही पाद्र्यांना हा प्रकार सुरुवातीला रुचला नाही. देवळातला वास येतो, असे त्यांना वाटे. पण मंडळीच्या सामान्य माणसाला शेजाऱ्याला 'चला' म्हणण्याचे निमित्त मिळाले होते. 'माझा धर्म ऐक' म्हणण्यापेक्षा 'आज आमच्याकडे कीर्तन आहे, ये' म्हणणे कितीतरी सोपे. हे मर्म गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी अडीच शतके आधी ओळखले होते. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये साष्टीत छापले गेले ते ओवीत आणि पुराणाच्या थाटात, कारण नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे गेली होती आणि रिकामे झालेले कान भरायला काही हवे होते.

दुष्काळांनी चित्र पुन्हा पालटले. १८७६-७८ चा आणि मग १८९९-१९०० चा. नगर जिल्हा दोन्ही वेळा होरपळला. मिशनऱ्यांनी अन्नछत्रे चालवली, अनाथ मुले सांभाळली, कामे काढली. नगरच्या रॉबर्ट ॲलन ह्यूम यांना त्यासाठी सरकारचे कैसर-इ-हिंद पदक मिळाले. बाप्तिस्मे हजारांनी वाढले. 'पोटासाठी बाटले' हा शब्द तेव्हापासून जो चिकटला तो चिकटलाच. त्यात तथ्य किती, यावर भांडणे अजून चालतात. माणूस भुकेला असताना त्याच्या श्रद्धेचा कस लावायला बसणे मला तरी शोभत नाही. पण एवढे खरे, की त्यानंतर ख्रिस्ती माणसाने शेजाऱ्यापाशी धर्माची गोष्ट काढली की शेजाऱ्याच्या मनात पहिला हिशेब धान्याचा येऊ लागला.

नगरपासून फार लांब नसलेल्या केडगावला, दौंडजवळ, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात शतकाअखेरच्या दुष्काळांतून वाचलेल्या शेकडो मुली होत्या. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज पहाटे प्रार्थनेला जमण्याची हाक दिली. सत्तर मुली पुढे आल्या. जूनपर्यंत आकडा साडेपाचशेवर गेला. मग त्यांनी विचारले, आसपासच्या खेड्यांत जाऊन सांगायला कोण तयार आहे? तीस जणी उठल्या. २९ जूनच्या सुमारास मुक्तीत जे पुनरुज्जीवन सुरू झाले, अश्रू, पश्चात्ताप, रात्ररात्र प्रार्थना, त्याबद्दल जगभर लिहिले गेले आहे. मला त्यातली छोटीशी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. या मुली पगारी नव्हत्या. बऱ्याच जणी बालविधवा, अनाथ. काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला मरायला टाकलेल्या. त्या तुकड्यातुकड्यांनी आसपासच्या गावांत गेल्या. ज्या समाजाने विधवेचे तोंड बघणे अशुभ मानले, त्याच्या दारात तीच विधवा उभी राहून बोलत होती. लोकांनी किती ऐकले ते सोडा. बोलण्याचा अधिकार कुठून येतो, याचे दुसरे उदाहरण मराठी मुलखात सापडणे कठीण.

आता नारायण वामन टिळकांकडे यायला हवे, कारण या सगळ्या गुंत्याचे नेमके निदान त्यांनी केले. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात जन्म, चित्पावन घर, संस्कृतचा व्यासंग, शीघ्र कवित्व, आणि एका जागी न टिकणारा स्वभाव. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी गप्पा झाल्या. कवितेवर बोलणे झाले, आणि उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली. गाडीतल्या शेजाऱ्याने गाडीतल्या शेजाऱ्याला. टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले ते कायमचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही गोऱ्या पाद्र्याच्या हातून नव्हे, तर तुकाराम नथोजी या देशी पाळकाच्या हातून. ते मुद्दाम तसे मागून घेतले होते.

पुढे जे झाले ते प्रत्येक मराठी वाचकाला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तून ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंना हा घाव सोसवला नाही. चार-पाच वर्षे त्या नातलगांकडे राहिल्या. नगरला परत आल्या तेव्हाही वेगळे रांधत, वेगळे पाणी भरत. टिळकांसारखा तापट माणूस, पण या बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. हळूहळू लक्ष्मीबाईंचा विटाळ आपणहून गळाला, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधी शिवाशिव गेली, मग धर्म आला. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मंडळीतल्या माणसाचा सगळ्यात जवळचा शेजारी त्याच्या घरातच असतो, आणि त्याच्यावर भाषणाचा उपयोग शून्य. लक्ष्मीबाईंनी टिळकांचे भाषण ऐकून नव्हे, टिळकांना रोज पाहून ठरवले. त्यांचा संसार म्हणजे काही आदर्श नमुना नव्हता. पैसे हाती आले की टिळक वाटून टाकीत, आणि लक्ष्मीबाई त्यावर जे बोलत ते त्यांनी स्वतःच मनमोकळेपणे लिहून ठेवले आहे.

टिळक नगरच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवत, पुढे राहुरीला राहिले, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादन केले. या सगळ्या काळात त्यांनी दोन दारे कधी बंद केली नाहीत. एक महारवाड्याचे, दुसरे मराठी साहित्याचे. खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाला गाता येतील अशी पदे, अभंग, आरत्या ते लिहीत राहिले. आणि त्याच घरात बालकवी ठोमरे मुलासारखे राहून गेले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. टिळकांनी त्यासाठी त्यांच्याशी नाते जोडलेही नव्हते. फुलांवर, मुलांवर, देशावर लिहिणारा हा कवी सभा-संमेलनांत सन्मानाने बसे, आणि तो ख्रिस्ती आहे हे कुणाच्या नजरेआड नसे. धर्म बदललेल्या ब्राह्मणाचे शेजारी संपतात, हा हरिपंतांपासूनचा नियम टिळकांनी मोडला. तो मोडला कवितेने आणि देशप्रेमाने. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. पुलावरून आलेल्या माणसाने पूल जाळायचा नसतो, हे त्यांना कळत होते.

मंडळीबद्दल मात्र ते अस्वस्थ होते. त्यांचे दुखणे दोन गोष्टींचे होते. पहिली, मंडळी परकी दिसते. कपडे, चाली, सभेची रीत, सगळ्यावर विलायती छाप. शेजाऱ्याला वाटते, हा आपल्यातून उठून साहेबाच्या घरात गेला. दुसरी, मंडळी पगारी आहे. साक्ष देणे ही नोकरी झाली आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये छप्पन्नाव्या वर्षी टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्याशासारखे राहायचे ठरवले आणि साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' मांडला. मिशनशी भांडण नव्हते. 'ज्ञानोदया'शी संबंध शेवटपर्यंत राहिला. पण दरबाराची कल्पना साध्यासुध्या पाळकाच्या घशाखाली उतरण्यासारखी नव्हती. येशूला गुरू मानणारे सगळे या दरबाराचे सभासद, मग त्यांचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. जातीत, घरात, आळीत राहूनच ज्याने ख्रिस्ताच्या वाटेने चालायचे ठरवले त्यालाही इथे जागा. म्हणजे शेजाऱ्याला सांगायचे, पण त्याला त्याच्या शेजाऱ्यांपासून तोडायचे नाही.

आक्षेप आले, आणि ते पोकळ नव्हते. बाप्तिस्मा म्हणजे किंमत मोजण्याची घटका. महारवाड्यातल्या ज्या माणसांनी बलुते गमावून, विहीर गमावून ती किंमत मोजली होती, त्यांच्या मांडीला मांडी लावून किंमत न मोजलेला वरच्या जातीचा माणूस बसवायचा, आणि त्याचीही वाहवा करायची? या प्रश्नाला टिळकांपाशी पुरेसे उत्तर होते असे मला वाटत नाही. वेळही मिळाला नाही. दीड-पावणेदोन वर्षांत प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. इस्पितळात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला दफन न करता अग्नी दिला आणि अस्थी नगरला आणल्या.

दरबार त्यांच्या माघारी टिकला नाही. त्याची जिद्द निराळ्या रूपांत उमटली. जॅक विन्सलो या इंग्रज पाद्र्याने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला आणि दुसऱ्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. बिनपगारी साक्षीचा प्रयोग खऱ्या अर्थाने पार पाडला तो मराठी मुलखाबाहेर, पण फार लांब नव्हे. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्यातल्या तेलुगू भागात, दोर्णकलला. व्ही. एस. अझारिया १९१२ मध्ये तिथले बिशप झाले. अँग्लिकन मंडळीतले पहिले हिंदी बिशप. ते मूळचे तिरुनेलवेलीचे, तमिळ. त्यांनी नव्या ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावून म्हणवून घेण्याची रीत पाडली, की माझा बाप्तिस्मा झाला आहे आणि मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी धडगत नाही. अक्षरशत्रू शेतमजुरालाही. मग वर्षातला एक आठवडा साक्षीचा. मजुरी सोडून, भाकरी बांधून माणसे शेजारच्या गावी जात. देणगी म्हणून घरची बाई रोज रांधताना मूठभर तांदूळ बाजूला काढी. अझारियांच्या काळात त्या धर्मप्रांतातली ख्रिस्ती लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली. गांधीजींशी त्यांचे याच प्रश्नावर तीव्र मतभेद झाले, आणि ते स्वाभाविकच होते. शेजाऱ्याला काय सांगावे आणि काय सांगू नये हा प्रश्न तेव्हा राजकारणाच्या ऐन मध्यावर येऊन ठेपला होता.

नगरच्या मंडळीला दोर्णकलसारखा बिशप मिळाला नाही आणि तशी शिस्तही लागली नाही. तिला मिळाला कवी. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्या आजही ज्या 'उपासना संगीता'तून गातात, त्यातली अडीचशेच्या आसपास पदे टिळकांची आहेत. लग्नात, बारशाला, अंत्यविधीला ती म्हटली जातात आणि अशा प्रसंगी ख्रिस्ती नसलेले शेजारीही हजर असतातच. आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण ती माझ्याच म्हणण्याला छेद देते: यातली बहुतेक पदे टिळकांनी १९१७ च्या आधी लिहिली, मिशनचा पगार घेत असताना.